दोन कागदांची उंची

मी हे लिहायला बसलो आहे याची मला थोडी लाजच वाटते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे पोस्टकार्ड, आणि तेही शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. शिवाय मला सांगायचं आहे तेही काही मोठं नाही. लोखंडाचे दोन ठोकळे, चार बोल्ट, दोन पट्ट्या आणि एक सळई एवढं सामान मी दोन वर्षांपूर्वी एका लहान लेथसाठी तयार केलं, त्याची ही हकिकत. यंत्रांची माहिती असणाऱ्यांना ती फार साधी वाटेल, आणि नसणाऱ्यांना कदाचित कंटाळा येईल. दोघांचीही आधीच माफी मागतो. पण ते दोन महिने मला अजून रोज आठवतात, म्हणून धीर करतो आहे.

मी चिकोडीकडच्या एका खेड्यातला. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून इंजिनिअरिंग शिकायला बंगळूरला आलो. यशवंतपूर स्टेशनपासून वीस मिनिटांच्या वाटेवर एका मराठी घराच्या मागची खोली मला राहायला मिळाली. घरमालक एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांचे आजोबा कधीतरी इकडे आले आणि तेव्हापासून हे घर इथलंच झालं. अख्खी गल्ली त्यांना अण्णा आणि त्यांच्या पत्नीला अक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

अण्णांच्या मागच्या पडवीत एक लेथ होता. तो कोणी पाहिला नसेल तर इतकंच सांगतो की एरवी आपण वस्तू धरून ठेवतो आणि हत्यार चालवतो. लेथवर वस्तू गरगर फिरते आणि हत्यार तिला हळूहळू तासत जातं. छावणीत राहणारा एक इंग्रज मायदेशी परत गेला, त्याचा हा छंदाचा लेथ अण्णांनी घेतला होता. शिलाई मशीनसारखा पायाने चालवायचा. त्याच्याबरोबर फारसं सामान मात्र आलं नव्हतं. काम पकडायला एक लहानसं चक होतं, आणि लांब काम दोन टोकांत धरायची सोय होती. बाकी जे लागेल ते अण्णा स्वतः करून घेत.

"दिवसभर कारखान्यात हेच, घरी आलं की हेच," अक्का मला ऐकवायच्या, पण ते अण्णांसाठी असायचं. "हलवायानं सुट्टीच्या दिवशी घरी जिलब्या तळाव्यात, तसं."

"तिथं साहेबाच्या जिलब्या," अण्णा मान वर न करता म्हणायचे. "या माझ्या."

मी पडवीच्या पायरीवर बसून बघायचो. हात लावायचो नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एका लेथमागे आम्ही बारा-पंधरा जण असू, आणि माझी पाळी आली की हात थरथरायचे. कागदावरची गणितं मला छान जमत. लोखंड समोर आलं की मला वाटायचं, इथे आपल्यासारख्याने येऊन चूकच केली.

त्या वर्षी गणपतीला गावी गेलो. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गावातली पिठाची गिरणी चालवत. गिरणी त्यांची नव्हे, मालक दुसरा. तेलाचं इंजिन पट्ट्याने एक लांब शाफ्ट फिरवतं, आणि त्या शाफ्टवर जातं चालतं. शाफ्ट दोन बाजूंना दोन बेअरिंगांवर टेकलेला असतो. त्यातल्या एका बेअरिंगचं बीड, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते ओतीव लोखंडाचं घर, तडकलं होतं आणि गिरणी बंद होती. बेळगावच्या फाउंड्रीने तसंच नवीन बीड ओतून दिलं होतं. त्यातलं ओतताना राहिलेलं ओबडधोबड भोक आता तासून बरोबर मापाचं करायचं बाकी होतं, पण ऊस गाळायचे दिवस जवळ आलेले, सगळे कारखाने चरकांच्या कामात. दिवाळीनंतर या, असं त्यांनी सांगितलं.

"दिवाळीपर्यंत गिरणी सुरू झाली नाही तर मी इंजिन मोडीत घालतो," मालक आप्पांना म्हणाले. "नाहीतरी विजेच्या गिरण्या आल्याच आहेत."

आप्पा पट्ट्यावरचं पीठ झटकत राहिले. त्यांचं वय पन्नाशीला आलेलं. गिरणी गेली तर लोकांच्या शेतावर कामाला जायचं, आणि माझ्या पाठच्या दोघांनी शाळा सोडून त्यांच्याबरोबर जायचं, हे आम्हां सगळ्यांना न बोलता कळत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बंगळूरला नेतो. भोक पाडून दिवाळीच्या आत पाठवतो."

मालक हसले. "कॉलेजात पीठ दळायला शिकवतात होय रे?"

निघायच्या दिवशी आप्पांनी एका पोत्यात ते बीड बांधून दिलं. वजनाला नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं. बरोबर पितळी बुश, म्हणजे भोकात बसवायची नळी, बेळगावहून तयार आलेली. आणि फडक्यात गुंडाळलेला बोटभर लांबीचा लोखंडाचा एक तुकडा.

"हा जपून ने," आप्पा म्हणाले. "चांगल्या बेअरिंगजवळ, खालचं लाकूड आणि वरचा शाफ्ट यांच्यात हा बरोब्बर जातो. इकडची उंची तिकडं तेवढीच पायजे. शाफ्ट तिरका झाला तर बेअरिंग तापणार."

"आप्पा, मी मापून आकडा लिहून घेतो. तुकडा कशाला?"

"आकडा घे. तुकडा बी घे."

तो तुकडा त्यांनी कानशीने घासून घासून केला होता. खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटली. अण्णांच्या पडवीत, त्या चकचकीत हत्यारांत, हा गावठी तुकडा काय दाखवायचा? बंगळूरला आल्यावर मी तो खोलीत बसून कॉलेजच्या पट्टीने मापला, मिलिमीटरमध्ये आकडा काढला आणि तुकडा पेटीच्या तळाला ठेवून दिला. अण्णांना फक्त बीड, बुश आणि आकडा दिला.

अण्णांनी बीड उलटंपालटं करून पाहिलं. "हे माझ्या चकात मावत नाही," ते म्हणाले.

मी बीड परत पोत्यात घालायला लागलो.

"मावत नाही म्हणालो. होत नाही म्हणालो का? काम फिरवता येत नसेल तर काम पक्कं बसवायचं आणि हत्यार फिरवायचं."

मग त्यांनी समजावलं. लेथच्या दोन टोकांत एक जाड सळई धरायची. सळईत आडवं भोक पाडून त्यात छोटंसं पातं बसवायचं. सळई फिरेल. बीड लेथच्या सरकत्या टेबलावर आवळून ठेवायचं आणि टेबल हळूहळू पुढे न्यायचं, म्हणजे पातं बीडाच्या आतून तासत जाईल. टेबलाला उलट्या टी आकाराच्या खाचा होत्या. त्यांत बसतील असे चार बोल्ट हवेत. वरून दाबायला दोन पट्ट्या. आणि बीड खाली राहतं, ते सळईच्या उंचीला आणायला खाली दोन ठोकळे.

"यातलं माझ्याकडे काही नाही," अण्णा म्हणाले. "तू करायचं."

"मी?"

"तुझ्या आप्पाचं काम. हात तुझे."

रविवारी आम्ही गुजरीत, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात गेलो आणि मोडीतून लोखंड निवडलं. अण्णा प्रत्येक तुकडा दगडावर वाजवून बघत. पुढचे तीन आठवडे सकाळी कॉलेजला जायच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण वेळ मी पडवीत असायचो. बोल्टांची डोकी घासून खाचांत बसती केली. पट्ट्यांना भोकं पाडली. पातं एका मोडक्या ड्रिलचं केलं. अण्णा स्टुलावर पेपर वाचत बसत आणि माझ्याकडे बघतसुद्धा नसत. पण त्यांचे कान इकडेच.

"कानस रडतेय," पेपरमागून आवाज यायचा. "दाबतोयस फार. परत येताना उचल."

मी उचलायचो, आणि खरंच आवाज बदलायचा.

अक्का चहा ठेवून जाताना म्हणायच्या, "हे गुरू पेपर वाचून शिकवतात आणि हा शिष्य कानशीचं रडं ऐकून शिकतो. सरी, बरं, चालू दे."

पहिल्यांदा हात कधी थरथरायचे थांबले ते मला सांगता येणार नाही. एक दिवस चहा प्यायल्यावर लक्षात आलं की सकाळपासून त्या थरथरीची आठवणच झाली नव्हती.

ठोकळे माझ्या आकड्याप्रमाणे झाले. नवरात्र सुरू झालं होतं. अण्णांनी ते टेबलावर ठेवून पाहिले आणि विचारलं, "हा आकडा तू कशावरून काढलास?"

आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. मी पेटीतून तुकडा आणला. अण्णांनी फडकं सोडलं, तुकडा उजेडात धरला, मग मायक्रोमीटर काढला. एका टोकाला मापलं. दुसऱ्या टोकाला. मध्ये दोनदा.

"कुठल्या मशीनवर केलाय?"

"मशीन नाही. कानशीनं. आप्पांनी."

"शिकले कुठे?"

"कुठेच नाही. गिरणीतच."

त्यांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. मीही चार ठिकाणी मापलं. चारही वेळा रेघ त्याच जागी येऊन थांबली.

"एवढा तुकडा पेटीत ठेवून मला पट्टीचा आकडा दिलास?" अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं.

त्यांनी शाफ्टच्याच जाडीची एक सळई लेथच्या दोन टोकांत धरली. ठोकळ्यावर आप्पांचा तुकडा ठेवून सळईखाली सरकवला. तो नुसता गेला नाही, सैल गेला. माझे ठोकळे कमी उंचीचे झाले होते. अण्णांनी भिंतीवरच्या तारखांच्या कॅलेंडरची दोन मागची पानं फाडली, प्रत्येकाचे दोन तुकडे केले आणि दोन्ही ठोकळ्यांखाली दोन-दोन कागद घातले. बोल्ट आवळले. आता तुकडा सळईखाली अडत अडत, बरोबर गेला.

"दोन कागदांची उंची कमी," अण्णा म्हणाले. "चालेल. आता दसरा झाला की कापायला घेऊ."

खंडेनवमीला इथे सगळ्या बंगळुरात यंत्रांची पूजा असते. बसपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं धुऊन पुसून त्याला झेंडू घालतात. त्या दिवशी हत्याराला कामाला लावत नाहीत. अण्णा सकाळीच कारखान्यातल्या पूजेला गेले. माझ्या मनात तुकड्याची गोष्ट सलत होती. वाटलं, निदान आज लेथची सेवा तरी मनापासून करावी. मी सगळं सोडलं. बोल्ट, पट्ट्या, ठोकळे रॉकेलने धुतले, टेबलाची खाच न् खाच पुसली. ठोकळ्यांखालून तेलकट, काळे कागद निघाले. ते बाकीच्या चिंध्यांबरोबर न्हाणीच्या चुलीत टाकले. मग सगळं टेबलावर ओळीने मांडून हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. लेथ नवरदेवासारखा दिसत होता.

अण्णा चुरमुरे आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांनी नमस्कार केला आणि तसेच वाकलेले राहिले.

"ठोकळ्यांखालचे कागद कुठे आहेत?"

"कळकट झाले होते," मी म्हणालो. "चुलीत टाकले." आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

अक्का दारात होत्या. "अय्यो, दोन चिठोऱ्यांसाठी असे चेहरे? अख्खं कॅलेंडर भिंतीवर आहे. हवी तेवढी फाडा."

"कागद मिळतील गं," अण्णा स्टुलावर बसत म्हणाले. "पण ते तेल पिऊन, दाबून बसलेले होते. नवे तेवढेच बसतील कशावरून?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी. घाई केली. उद्या तो कागद कुजला असता, सरकला असता. तुझ्या आप्पानं कागद लावलाय का कुठे?"

"नाही."

"मग आपण का लावायचा? नवे ठोकळे कर. थोडे उंच घे आणि तुकडा सांगेल तिथपर्यंत खाली आण."

दिवाळी तीन आठवड्यांवर होती. मी लगेच कानशीकडे हात नेला.

"आज बेडा," अण्णा म्हणाले. "नको. आज त्यांची सुट्टी. पेढा खा."

मी पेढा घेऊन पायरीवर जाऊन बसलो. अक्कांनी बाहेर दारात दृष्ट काढायचा, कुंकू भरलेला कोहळा फोडला, त्याचा आवाज मला अजून आठवतो.

नव्या ठोकळ्यांची शेवटची उंची माझ्या कानशीने साधण्यासारखी नव्हती. तिथे खरवडावं लागतं. अण्णांनी एक जाड काच आणली. काचेवर पातळ काळा रंग फासायचा, त्यावर ठोकळा घासायचा. जिथे उंचवटा तिथे काळं लागतं, तेवढंच धारदार हत्याराने खरवडायचं. मग पुन्हा. रंग संपला होता. अक्कांनी घरी धरलेल्या काजळाची डबी आणून दिली.

"घे. यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून का?"

"तसंच समज," अण्णा म्हणाले.

मी पंधरा दिवस काजळ लावत आणि काढत होतो. कॉलेजात माझ्या बोटांकडे बघून मुलं विचारत, घरी बाळ आहे का रे? ठोकळा खाली यायचा तो दिसत नसे. फक्त आप्पांचा तुकडा सळईखाली घालून बघायचा. आधी तो शिरायचाच नाही. मग टोक शिरलं. मग एक दिवस अर्धा गेला. त्या अर्ध्या तुकड्याकडे बघताना मला आप्पा दिसायला लागले. गिरणी बंद, लोक गेलेले, आणि ते शाफ्टखाली तुकडा घालून बघताहेत, काढून घासताहेत, परत घालताहेत. त्यांनीही असंच केलं असणार. दुसरा मार्गच नाही. मी कॉलेजात तीन वर्षं जे शिकायला धडपडत होतो ते आमच्या घरात आधीपासून होतं, आणि मी ते पेटीच्या तळाला ठेवलं होतं.

दिवाळीच्या आदल्या रविवारी दोन्ही ठोकळ्यांवर तुकडा सळईखाली अडत अडत गेला. कागद नाही, काही नाही. अण्णांनी स्वतः एकदा सरकवून पाहिला आणि आत जाऊन पायात चप्पल घालून आले.

"बांध काम. मी पाय मारतो."

मी बीड ठोकळ्यांवर ठेवलं, पट्ट्या टाकल्या, बोल्ट आवळले. पात्याची सळई बीडातून घालून टोकांत धरली. अण्णांचा पाय सुरू झाला. सळई फिरू लागली, पातं बीडाला लागलं, आणि बारीक काळी भुकटी गळायला लागली. एक फेरी झाली की पातं जरासं बाहेर काढायचं, पुन्हा फेरी. अण्णा घामाघूम झाले, पण त्यांनी पाय सोडला नाही आणि टेबल सरकवायच्या चाकाला हात लावला नाही, ते माझ्याकडेच ठेवलं. दुपारी जेवायची हाक तीनदा आली. तिसऱ्यांदा अक्का म्हणाल्या, "जिलब्या गार होताहेत, हलवाई," आणि खरंच त्यांनी जिलब्या केल्या होत्या.

संध्याकाळच्या उन्हात मी बुश भोकाला लावला. निम्मा हाताने गेला. उरलेला लाकडी हातोडीच्या चार टोल्यांत बसला.

यशवंतपूरच्या बाजारात आमच्या बाजूचा एक हमाल होता. तो दिवाळीला गावी निघाला होता. त्याच्याजवळ पोतं दिलं. आप्पांचा तुकडा त्याच फडक्यात बांधून बरोबर दिला. माझी परीक्षा होती, मला जाता येणार नव्हतं.

आणि मग काहीच कळलं नाही. दिवाळी झाली. मी रोज पोस्टमनची वाट बघायचो. पाडवा, भाऊबीज, तुळशीचं लग्न. पोस्टकार्ड नाही. मी मनात शाफ्ट तिरका झालेला बघत होतो, बेअरिंगातून धूर येताना बघत होतो, मालकांना हसताना बघत होतो. अण्णा म्हणायचे, "बिघडलं असतं तर एव्हाना कळवलं असतं." अक्का म्हणायच्या, "तुझे आप्पा तुझ्यासारखेच. बोलायला जीव जातो." दोघांचंही मला पटायचं नाही.

मार्गशीर्ष लागल्यावर एका सकाळी तो हमाल फाटकाशी उभा दिसला. खांद्यावर छोटं गाठोडं. मी धावत गेलो. 

"ज्वारीचं पीठ दिलंय तुझ्या आईनं," तो गाठोडं खाली ठेवत म्हणाला. "अण्णांच्या घरी बी द्यायला सांगितलंय."

"कुठल्या गिरणीतलं?"

"कुठल्या म्हंजे? तुझ्या बापाच्या. लक्ष्मीपूजनाच्या आधल्या दिवसापासनं चालू हाय."

"आप्पा काय म्हणाले?"

त्याने जरा आठवलं. "म्हणाले, त्याला सांग, तुकडा दोन्हीकडं जातोय. आन् बेअरिंगवर हात ठेवला की गार लागतंय."